मूर्च्छा आणि मेंदूचे चित्र



मूर्च्छेला आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. कुणाला भोवळ येते, कुणाला घेरी येते, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाची शुद्ध हरपते. इतके शब्द असण्याचे कारण उघड आहे. हा प्रसंग घरोघरी घडणारा आहे. साधारणपणे तीन माणसांतील एकाला तरी आयुष्यात केव्हा ना केव्हा मूर्च्छा येते, असा वैद्यकाचा अंदाज आहे. ती आली म्हणजे भोवतालची मंडळी काय करतात, तेही आपल्याला पाठ आहे. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. आणि माणूस डोळे उघडतो न उघडतो तोच निदानाला सुरुवात होते. एक म्हणतो, बाहेरची बाधा आहे. दुसरा म्हणतो, फेफरे आहे. तिसरा बहुधा मुकादम किंवा पाळीचा साहेब असतो. तो म्हणतो, ढोंग आहे, काम टाळायचे आहे. अलीकडे यांत चौथ्याची भर पडली आहे. तो म्हणतो, "डोक्याचा फोटो काढून घ्या."

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले आणि आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. परंतु जेथे माणसे आठआठ तास उभी राहून काम करतात, तेथे वावरणाऱ्याला मूर्च्छेची गाठ टाळता येत नाही. या चार निदानांपैकी खरे कोणते, हा प्रश्न आमच्यापुढे पुन्हा पुन्हा आला. त्याचे उत्तर शोधता शोधता, माणसाने मेंदूत डोकावून पाहण्यासाठी जी खटपट केली तिचा दीडशे वर्षांचा इतिहास आम्हांला वाचावा लागला. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम शरीराचा हिशेब समजून घेऊ. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. पण शरीर जो प्राणवायू वापरते त्यातला सुमारे २० टक्के तो एकटा खातो. आणि एवढा खर्च असूनही त्याच्यापाशी शिल्लक म्हणून काही नाही. हातावर पोट असलेल्या माणसासारखी त्याची स्थिती आहे. आजचे आले तर आजचे भागले. बरे, हे रक्त त्याला उंचावर चढवून पोचवावे लागते. माणूस आडवा असताना हृदय आणि मेंदू एका पातळीत असतात. तो उभा राहिला की अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त पोटात आणि पायांत उतरते. निरोगी शरीर ताबडतोब रक्तवाहिन्या आवळते, नाडी किंचित जलद करते आणि तूट भरून काढते. माणूस चालत असला तर पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात. म्हणूनच चालणाऱ्यापेक्षा एका जागी खिळून उभ्या असलेल्याला मूर्च्छा लवकर येते. त्यात उकाडा असला, घाम फार गेला असला, पोट रिकामे असले, किंवा एकाएकी भीती वाटली, रक्त दिसले, तर ही सारी व्यवस्था उलटू शकते. नाडी मंदावते, आवळायच्या त्या वाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस पडतो. पडला की आडवा होतो, आडवा झाला की रक्त मेंदूला पोचते आणि शुद्ध येते. कांद्याला आणि चपलेला आपण जे श्रेय देतो ते वास्तविक जमिनीचे आहे.

आज हे चार वाक्यांत सांगता येते. ते कळायला मात्र फार काळ लागला, कारण मेंदू कवटीत बंद. जिवंत माणसाच्या मेंदूत रक्त कसे वाहते, ते पाहायचे कसे? या कामाला चांगली सुरुवात करून दिली ती इटलीतील तुरीन शहरच्या आंजेलो मोस्सो याने. त्याचा जन्म १८४६ चा. बाप सुतार, घरची गरिबी. पण हा सुताराचा मुलगा पुढे तुरीनच्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याला बेर्तीनो नावाचा एक शेतकरी भेटला. वरून वीट पडून या शेतकऱ्याच्या कवटीचे हाड फुटले होते आणि जखम भरल्यावरही तेथे भोक राहिले होते. मोस्सोने त्या भोकावर गटापर्चाची चकती बसविली, तिला नळी जोडली, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाच्या लेखणीने फिरत्या नळकांड्यावरील कागदावर मेंदूचे ठोके उतरवून घेतले. दुपारी चर्चच्या घंटा वाजल्या, तेव्हा हाताचा आलेख होता तसाच राहिला. मेंदूचे ठोके मात्र उंचावले. घंटा ऐकून प्रार्थना म्हणायला हवी होती का, असे मोस्सोने विचारले. ठोके पुन्हा उंचावले. गुणाकार करायला सांगितला, तेव्हाही तसेच. शेतकऱ्याने तोंड उघडण्यापूर्वीच कागद बोलत होता. ही निरीक्षणे १८८० साली प्रसिद्ध झाली.

पण ज्याची कवटी शाबूत आहे त्याचे काय? त्यासाठी मोस्सोने १८८४ च्या सुमारास एक तराजू केला. मधोमध टेकू दिलेली लांब फळी. तिच्यावर माणूस आडवा निजवायचा आणि तोल अगदी बारकाईने साधायचा. माणूस विचारात पडला वा त्याच्या मनात भावना उसळली की रक्त डोक्याकडे जाते आणि फळी डोक्याकडे कलते, असे त्याचे म्हणणे होते. २०१४ साली इंग्लंडात हा प्रयोग नव्या साधनांनी पुन्हा करून पाहण्यात आला, तेव्हा मोस्सो अगदीच चुकला नव्हता असे दिसले. आम्हांला या माणसाविषयी आणखी एका कारणाने आदर वाटतो. स्नायूंचा थकवा मोजणारे यंत्रही त्यानेच तयार केले, आणि थकव्यावरील त्याचा ग्रंथ १८९१ साली निघाला. सिसिलीच्या गंधकाच्या खाणींत ओझी वाहून वाकून गेलेल्या पोरांची दैना त्याने त्या ग्रंथात नोंदली. मेंदूचा आलेख काढणाऱ्याला खाणीतले पोर विषयाबाहेरचे वाटले नाही. पुढच्या शास्त्राला ही गोष्ट नेहमीच साधली असे नाही.

१८९० साली इंग्लंडात रॉय आणि शेरिंग्टन यांनी असे मांडले की, मेंदूचा जो भाग काम करतो तेथे रक्त अधिक जाते. आज वर्तमानपत्रांत जी मेंदूची रंगीत चित्रे छापून येतात, त्यांच्या मुळाशी ही कल्पना आहे. परंतु १८९६ साली लिओनार्ड हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने तिला विरोध केला. त्याच्या मते मेंदूला रक्ताची स्वतःची अशी व्यवस्थाच नाही. शरीराचा रक्तदाब चढला की मेंदूतील प्रवाह चढतो, उतरला की उतरतो. हे मत पुढे एकांगी ठरले. मेंदूला स्वतःची व्यवस्था आहे आणि एरवी ती चांगली चालते. मात्र रक्तदाब एका मर्यादेखाली घसरला की ती हरते, आणि मग हिल म्हणतो तेच खरे होते. मूर्च्छा म्हणजे नेमकी ही अवस्था.

या हिलचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. तो कारखान्यांतील हवेकडे वळला. कोंदट जागेत माणसे कासावीस होतात, ती हवेत विष साचते म्हणून नव्हे. उष्णता, ओलावा आणि वाऱ्याचा अभाव यांमुळे, असे त्याने दाखवून दिले. हवेची अंग गार करण्याची शक्ती मोजणारे 'काटा-थर्मामीटर' नावाचे उपकरणही त्याने तयार केले. हा प्रश्न आपल्या मुंबईलाही परका नव्हता. ताण्याचे सूत तुटू नये म्हणून कापडगिरण्यांच्या साचेखात्यांत हवा मुद्दाम ओली ठेवीत. या कृत्रिम ओलाव्याची चौकशी करण्यासाठी हिंदुस्थान सरकारने टी. मॅलोनी या तज्ज्ञाची नेमणूक केली आणि त्याचा अहवाल १९२३ साली निघाला. ओलावा सुताला हवा होता. साचेवाल्याला नको होता. त्या ओल्या उकाड्यात घाम सुकत नाही, घाम सुकत नाही म्हणून कातडीच्या रक्तवाहिन्या सताड उघड्या राहतात, आणि मेंदूचा वाटा कमी पडतो. ज्याने मेंदूच्या रक्ताभिसरणाचा अभ्यास केला तोच कारखान्याची हवा मोजायला निघाला, यात योगायोग थोडा आणि तर्क फार आहे.

आता मूर्च्छेच्या प्रत्यक्ष क्षणाकडे वळू. १९३२ साली लंडनच्या सर टॉमस लुईस यांनी दाखविले की, मूर्च्छेत मंदावलेली नाडी औषधाने पुन्हा जलद केली तरी रक्तदाब खालीच राहतो. म्हणजे दोष केवळ हृदयाच्या मंदावण्यात नाही, रक्तवाहिन्यांच्या सैल पडण्यातही आहे. १९४४ साली, युद्ध चालू असताना, लंडनमध्येच बारक्रॉफ्ट, एडहोम, मॅकमायकेल आणि शार्पी-शेफर या चौघांनी स्वयंसेवकांचे रक्त मूर्च्छा येईपर्यंत काढून पाहिले. दाब कोसळत असताना हाताच्या स्नायूंतील रक्तप्रवाह उलट वाढलेला त्यांना आढळला. मेंदूच्या वाट्याचे रक्त कोठे गेले, याचा पत्ता असा लागला.

याच काळातील एक प्रकरण मनाला बोचते. १९४३ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे रॉसेन, कॅबट आणि अँडरसन यांनी मानेभोवती हवेने फुगणारा पट्टा बांधून मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण बंद करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. साधारण ५ ते १० सेकंदांत नजर स्थिर होई, दृष्टीचा घेर आकसत जाई, शुद्ध हरपे, आणि नंतर अंगाला झटके येत. मेंदूपाशी शिल्लक किती, तर एवढीच. या प्रयोगात निरोगी तरुणांबरोबर मानसिक रोगाने आजारी असलेली माणसेही होती. त्या रुग्णांना 'नाही' म्हणण्याची मोकळीक कितीशी होती, हे आज विचारावेच लागते. मेंदूविषयीचे पुष्कळसे ज्ञान अशा माणसांच्या शरीरांतून आले आहे, ज्यांच्या कवटीवर वीट पडली होती किंवा ज्यांच्यामागे बोलणारे कुणी नव्हते. ज्ञान वापरताना हे ऋण विसरू नये.

१९४५ ते १९४८ च्या दरम्यान फिलाडेल्फियाच्या केटी आणि श्मिट यांनी मेंदूचा रक्तप्रवाह आकड्यांत मोजण्याची रीत बसविली. माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड वायू हुंगवायचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूतून परतणाऱ्या रक्तात तो किती उरतो ते तपासायचे. हिशेब निघाला तो असा: विश्रांतीच्या अवस्थेत मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५४ घनसेंटिमीटर रक्त मिळते. १९५४ साली अमेरिकेत औषधाने रक्तदाब उतरवून पाहिले, तेव्हा हा आकडा ३० च्या आसपास आला म्हणजे माणूस मूर्च्छेच्या उंबरठ्यावर येतो असे दिसले. जमेची आणि भुकेची रेषा अशी ठरली.

रक्ताचा हिशेब झाला. पण मेंदूच्या कामाचे काय होते? ते दाखविले विजेने. जर्मनीतील येना शहरी हान्स बर्गर याने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत्‌लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. या लहरींचा मूर्च्छेसाठी मोठा उपयोग केला तो मार्सेयच्या आंरी गास्तो याने. बुबुळांवर दाब दिला असता काही माणसांचे हृदय क्षणभर थबकते. त्या संधीचा फायदा घेऊन त्याने मूर्च्छेतील लहरींचे आलेख घेतले आणि १९५७ साली प्रसिद्ध केले. लहरी प्रथम मंद आणि मोठ्या होतात. रक्ताची तूट लांबली तर रेघ सपाट होते. मग उलट क्रमाने सारे पूर्ववत होते. माणसाचे हातपाय झटके देत होते, अंग ताठ होत होते, पण फेफऱ्यात मेंदूतून जे विजेचे वादळ उठते त्याचा कागदावर मागमूस नव्हता. दिसायला दोन्ही सारखी, पण मेंदूतले व्यापार अगदी उलट: फेफऱ्यात मेंदू अतिरेकी काम करतो, मूर्च्छेत तो उपाशी पडून काम थांबवितो.

१९९४ साली बर्लिनमध्ये याची सर्वांत बोलकी साक्ष मिळाली. निरोगी स्वयंसेवकांना जलद श्वास, एकदम उभे राहणे आणि श्वास कोंडून जोर करणे अशा क्रमाने मूर्च्छा आणण्यात आली आणि तिचे चलच्चित्र घेण्यात आले. ४२ जण पूर्ण बेशुद्ध होऊन पडले. बेशुद्धी सरासरी १२ सेकंदांची. त्यांपैकी ९० टक्क्यांच्या अंगाला झटके आले, आणि ६० टक्क्यांना त्या अल्प काळात काही दृश्ये दिसली वा आवाज ऐकू आले. हे सारे धडधाकट तरुण होते. ना फेफरेकरी, ना झपाटलेले.

यानंतरचे युग चित्रांचे. १९७१ साली लंडनजवळच्या विम्बल्डन येथील रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. तो करणारा गॉडफ्री हाउन्सफील्ड शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नसलेला इंजिनियर. चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढणाऱ्या एमआरआयच्या जनकांपैकी पीटर मॅन्सफील्ड याने पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि पुस्तकबांधणीच्या कामावर हाताखाली काम केले. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, हाउन्सफील्डला १९७९ साली आणि मॅन्सफील्डला २००३ साली. ज्यांची शाळा लवकर सुटली त्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९९० साली ओगावा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तातील प्राणवायूच्या कमीअधिक प्रमाणावरून एमआरआयला मेंदूचे काम दिसू शकते असे दाखविले, आणि मोस्सोच्या तराजूला शंभर वर्षांनी वारस मिळाला.

तथापि मूर्च्छेपुढे हे वैभवशाली यंत्र अडते. कारण साधे आहे. यंत्रात माणसाला आडवे निजावे लागते, आणि साधी मूर्च्छा बहुधा उभ्याला वा बसलेल्याला येते. आडवे होणे हाच तिचा उपाय. म्हणजे औषध दिल्यावर रोग शोधण्यासारखे झाले. म्हणून ज्यांना मूर्च्छेचा क्षण पाहायचा होता त्यांनी हलकी साधने निवडली. १९८२ साली रूने आस्लिड याने कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी पाठवून मेंदूच्या धमनीतील रक्ताचा वेग ऐकण्याची युक्ती काढली. १९८६ साली लंडनच्या डॉक्टरांनी माणसाला फळीला बांधून हळूहळू उभे करण्याची तपासणी मूर्च्छेसाठी पुढे आणली. मोस्सोची फळी आडवी होती, ही तिरपी; एवढाच फरक. दोन्ही साधने एकत्र जोडली तेव्हा दिसले की, मूर्च्छा येताना हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मेंदूकडे सरकणारे रक्त जवळजवळ थांबते.

मग वारंवार मूर्च्छा येणाऱ्यांच्या मेंदूवर तिचा काही ठसा उमटतो का? २००९ साली ब्रिटनमधील संशोधकांनी अशा माणसांची एमआरआय चित्रे निरोगी माणसांच्या चित्रांशी ताडून पाहिली. नाडी आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठाच्या भागात त्यांना थोडी उणीव आढळली. पण ही उणीव मूर्च्छेमुळे आली, की उणीव होती म्हणून मूर्च्छा येते, हे एकदाच काढलेले चित्र सांगू शकत नाही. आणि अशा फरकांची बेरीज अनेकांची चित्रे एकत्र केल्यावर दिसते. एकट्यादुकट्याच्या चित्रावर बोट ठेवून निदान करता येत नाही. २०२३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उंदरांत हृदयापासून मेंदूच्या देठाकडे जाणारे विशिष्ट मज्जातंतू प्रकाशाने चेतविले, तो उंदीर काही सेकंदांत मूर्च्छित झाले. १८६७ साली बेझोल्डने औषधे टोचून जे पाहिले होते त्याची वाट अशी सापडली. मेंदूच्या एका लहानशा केंद्राला चेतविले असता उंदीर लवकर शुद्धीवर येतात, असेही त्यांना आढळले. म्हणजे मेंदू मूर्च्छेत निव्वळ निमूट पडून राहत नाही. जागे होण्यात त्याचाही हात आहे.

आता आरंभीच्या चार निदानांचा निकाल लावू. बाधा म्हणणाऱ्याला बर्लिनने उत्तर दिले: उपाशी मेंदूला दृश्ये दिसतात, आवाज ऐकू येतात. ढोंग म्हणणाऱ्याला गास्तोच्या सपाट रेघेने उत्तर दिले. नाटकी माणसाला डोळे मिटता येतात, मेंदूच्या लहरी थांबविता येत नाहीत. फेफरे म्हणणाऱ्याचे म्हणणे मात्र अजून तपासावे लागते. २००० साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी फेफऱ्याचा शिक्का बसलेल्या, पण उपचाराला दाद न देणाऱ्या वा निदान शंकास्पद असलेल्या ७४ जणांची हृदयाच्या अंगाने तपासणी केली. त्यांपैकी ३१ जणांच्या झटक्यांना निराळेच कारण सापडले. आपल्या देशात या शिक्क्याची किंमत केवढी, ते सांगायला नको. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाला अडसर ठरविला होता. तो शब्द १९९९ साली कायद्यातून गेला. कायद्यातून गेला, पण स्थळे पाहणाऱ्यांच्या आणि नोकऱ्या देणाऱ्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. ज्याला खरोखर अपस्मार आहे त्याचीही ही अवहेलना अन्यायाचीच आहे. ज्याला तो नाहीच, त्याच्यावर तर दुहेरी अन्याय.

राहिला चौथा. आमच्या संघटनेकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात एक तरुण मुलगी एप्रिल महिन्यात पाळी सुटायच्या वेळी उभ्याउभ्या कोसळली. अंगाला दोनचार झटके आले. नोंदवहीत शेरा पडला, "फीट येते". यंत्रांपाशी अशी कामगार नको, असे ठरले. घरच्यांनी उसनवारी करून डोक्याचा एमआरआय काढला. तो स्वच्छ निघाला. पण शेरा पुसला गेला नाही. पुढे एका सरकारी दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तदाब आधी निजवून आणि मग उभे करून मोजला, हृदयाचा आलेख काढला आणि चार प्रश्न विचारले. तेव्हा कळले की, खात्यात बसायला काही नाही, पंखा बंद आहे, आणि मुली पाळीभर पाणी पीत नाहीत. कारण स्वच्छतागृह लांब आणि जाण्यायेण्याला परवानगी लागते. ही कारणे कोणत्याही यंत्राच्या चित्रात उमटणारी नव्हती. ती खात्यात जाऊन पाहायची होती. आम्ही तेथे तीन मागण्या केल्या: स्टूल, पाणी आणि जाण्यायेण्याची मोकळीक. त्या मान्य व्हायला सात महिने लागले. ती मुलगी आज त्याच खात्यात काम करते.

चित्राविरुद्ध आमची तक्रार नाही. पडताना डोक्याला मार लागला, एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळले, तर मेंदूचे चित्र काढलेच पाहिजे, आणि तातडीने. परंतु साधी मूर्च्छा असेल आणि मज्जासंस्थेची तपासणी निर्दोष असेल तर मेंदूचा सीटी वा एमआरआय काढू नये, असा स्पष्ट सल्ला अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेनेच २०१२ साली दिला. खरी सावधगिरी हृदयाबद्दल हवी. धावताना वा ओझे उचलताना, निजलेला असताना, छातीत धडधडून किंवा दुखून मूर्च्छा आली, अथवा घरात कुणी तरुणपणी एकाएकी गेलेले असले, तर हृदयाचा आलेख आणि डॉक्टर यांना पर्याय नाही. रणरणत्या उन्हात वा भट्टीजवळ माणूस पडला, अंग तापलेले आहे आणि आडवे करूनही तो भानावर येत नाही, तर ती मूर्च्छा नव्हे, उष्माघात असू शकतो. तेथे अंग गार करणे आणि रुग्णालय गाठणे हीच कामे.

साध्या मूर्च्छेवर मात्र उपाय स्वस्त आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२३ रुग्णांपैकी निम्म्यांना एवढेच शिकविले की, अंधारी येऊ लागली की पाय एकमेकांवर घट्ट तिढून दाबावेत, मुठी आवळाव्यात, दोन्ही हात एकमेकांत अडकवून ताणावेत. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत पुन्हा मूर्च्छा आलेले ५१ टक्के, आणि हे शिकलेल्यांत ३२ टक्के. याला ना यंत्र लागते, ना बिल. खूणगाठ एवढीच की, स्नायू आवळला की रक्त वर चढते. पडलेल्याला उभा करू नये, खुर्चीत बसवू नये. निजू द्यावे, पाय उंच करावेत, भोवतीची गर्दी हटवावी.

आणि जे एकट्याने करता येत नाही, ते मिळून करावे. उभे राहून काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिले होते. २०२० च्या नव्या संहितेतही ती तरतूद आहे. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी केरळात लढा दिला, तेव्हा तेथे २०१८ साली त्यांना बसण्याचा हक्क मिळाला, आणि २०२१ साली तामिळनाडूने तसाच कायदा केला. कागदावरचे स्टूल खात्यात आणण्याचे काम मात्र कायदा आपण होऊन करीत नाही.

मोस्सोपासून आजपर्यंत मेंदूत डोकावणाऱ्यांनी आपल्याला सांगितले ते हे की, मूर्च्छेत मेंदू बहुधा गुन्हेगार नसतो, फिर्यादी असतो. आपल्या वाट्याचे रक्त पोचले नाही, एवढीच त्याची फिर्याद असते. ती ऐकणाऱ्याने प्रथम माणसाला आडवे करावे; मग तो किती वेळ उभा होता, काय खाल्ले होते, पाणी केव्हा प्यायला आणि तेथील हवा कशी होती, ते विचारावे. हे प्रश्न विचारायला डॉक्टरच हवा असे नाही. शेजारच्या साच्यावरचा कामगारही ते विचारू शकतो, आणि उत्तरे लिहून ठेवू शकतो.